कसंतरी होतंय

सकाळी गाडीच्या काचा पुसत असतानाच ड्रायव्हरकाकांना कळलं, की बसमधल्या मावशी आज येणार नाहीत. त्यांच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं होतं. निरोप घेऊन आलेले शाळेचे वाहतूक व्यवस्थापक काळजीत पडले होते.

"दुसऱ्या गाडीवरची बाई देतो तुम्हाला. जरा थांबा फक्त."

"कशाला साहेब?" काका फडकं झटकत म्हणाले. "माझ्या गाडीत पोरं श्वाससुद्धा विचारून घेतात. मी बघतो एकटा."

ही निव्वळ बढाई नव्हती. काकांना मुलं आपापसात 'हवालदार' म्हणत. समोरच्या मोठ्या आरशात त्यांच्या भुवया नुसत्या वर गेल्या, तरी शेवटच्या बाकावरची मारामारी थांबायची. "बूड टेकव!" असं ते एकदा ओरडले, की ज्याचं टेकलेलं असेल तोही पुन्हा एकदा उठून टेकवायचा. मागच्याच आठवड्यात सगळ्या ड्रायव्हरांची सभा झाली होती. मूल गाडीत आजारी पडलं तर काय करायचं, हा विषय होता. त्यात व्यवस्थापकांनी प्रश्न विचारायचा अवकाश, काका उभं राहून घडाघडा उत्तर देत होते. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायची, हॅंडब्रेक लावायचा, किल्ली काढायची, मुलाजवळ जायचं, धीर द्यायचा, शाळेला कळवायचं, पालकांना कळवायचं, आणि काही झालं तरी मुलांना एकटं सोडायचं नाही. मधे एका नव्या ड्रायव्हरला जांभई आली, तेव्हा काकांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. "लोकांची लेकरं असतात रे ती! जांभया कसल्या देतोस?"

एक गोष्ट मात्र काकांनी सभेत सांगितली नव्हती. ती फक्त त्यांच्या बायकोला आणि मावशींना ठाऊक होती. काकांना दुसऱ्याची उलटी सहन व्हायची नाही. रक्त चालायचं, पू चालायचा, उंदीर मेलेला चालायचा. पण कुणी 'ओऽ' असा आवाज जरी केला, तरी काकांच्या पोटातून उत्तर यायचं. गाडीत असं काही झालं, की मावशी पिशवी, पाणी आणि वरून टाकायची भुकटी घेऊन इतक्या गुपचूप सगळं उरकायच्या, की काकांना फक्त आरसा जरा वर फिरवून ठेवावा लागे. मावशींनी त्यांना इतकी वर्षं असं सांभाळून घेतलं होतं, की आपल्यात हे वैगुण्य आहे, हेच काका विसरून गेले होते.

भिंगरी चढली तेव्हाच खरं तर त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. भिंगरी म्हणजे पहिलीतली एक एवढीशी मुलगी. हे नाव काकांनीच ठेवलेलं, कारण ती कधी एका जागी बसायची नाही. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट तिची. रोज ती सीटवर गुडघे टेकून मागच्यांशी भांडायची, मग पुढे वाकून काकांना "हे बटण कशाचं?" विचारायची. आज ती चढली, दप्तर मांडीवर घेतलं आणि गप्प बसून राहिली. काकांनी आरशात पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. 'मावशी नाहीत म्हटल्यावर पोरगी कशी शहाण्यासारखी बसलीय,' असं त्यांच्या मनात आलं.

मोठा पूल उतरल्यावर मागून बारीक आवाज आला. "काका, मला कसंतरी होतंय."

काकांच्या मानेवरचे केस उभे राहिले. 'कसंतरी' म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यभर गाडी चालवली त्याला सांगावं लागत नाही. पुढेच टायरचं दुकान होतं, त्याच्यासमोर गाडी लावायला ऐसपैस जागा होती. गाडी थांबवायची, किल्ली काढायची, मुलाजवळ जायचं. मुलाजवळ जायचं, इथे काका अडले.

"खिडकीतून बाहेर बघ," ते म्हणाले. "झाडं मोज. शाळा आलीच."

"काका, झाडं पण हलतायत."

"मग डोळे मिट."

"मिटले की आतलं हलतंय."

काकांनी रेडिओचा आवाज वाढवला. रेडिओवर कुणीतरी बाई पायांच्या भेगांवरचं मलम विकत होती. काकांनी आयुष्यात कधी कुठली जाहिरात इतकी मन लावून ऐकली नव्हती. मलम कुठे मिळेल हे बाई सांगतच होती, तेवढ्यात मागे तो आवाज झाला. पाठोपाठ पहिली-दुसरीच्या मुलांचा एकच गलका उठला. "ईऽऽऽ! माझ्या बुटावर!"

सवयीच्या हातांनी काकांनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हॅंडब्रेक लावला, किल्ली काढली. इथवर सगळं सभेत सांगितल्याबरहुकूम झालं. मग वास आला. काकांनी आपल्या बाजूचं दार उघडलं आणि मुलाजवळ जाण्याऐवजी ते थेट रस्त्यावर उतरले, एका गोदामाच्या भिंतीशी गेले आणि सकाळचा चहा भिंतीला देऊन मोकळे झाले.

गोदामाच्या पायरीवर ते कसेबसे टेकले. तोंड पांढरंफटक पडलेलं, कपाळावर घाम. उरलंसुरलं वर येऊ नये म्हणून त्यांनी छाती घट्ट धरून ठेवली होती. या अवस्थेत त्यांच्यासमोर दहावीतली चष्मेवाली मॉनिटर येऊन उभी राहिली. ती बसायची शेवटच्या बाकावर, त्यामुळे पहिल्या सीटवर काय झालं ते तिला दिसलेलं नव्हतं. दिसले होते ते फक्त धावत उतरलेले काका. शिवाय नुकताच तिने शाळेत प्रथमोपचाराचा वर्ग केला होता आणि तेव्हापासून ती कुणाला तरी काहीतरी होण्याची वाट बघत होती.

"काका, छातीत दुखतंय का?"

काकांनी तोंड उघडलं, पण उघडल्यावर त्यातून शब्दच येतील याची खात्री नव्हती, म्हणून मिटलं. 'नाही' म्हणायला मान आडवी हलवायची असते. काकांच्या डोळ्यांपुढे सगळी गाडी आली, खिडक्यांना चिकटलेली तोंडं आली, 'हवालदार ओकला' अशी उद्याची बोंब कानांत आली, आणि त्यांची मान उभी हलली.

"डावा हात दुखतोय की उजवा?"

काकांनी दोन्ही हातांकडे पाहिलं आणि त्यातल्या त्यात बरा दिसेल तो डावा हात थोडा उचलला.

पोरगी हुशार निघाली. तिने अँब्युलन्सला फोन केला, शाळेला फोन केला, नववीच्या दोघींना दारात उभं करून एकालाही खाली उतरू दिलं नाही, आणखी एकीला पाणी आणि वर्तमानपत्रं देऊन गाडी साफ करायला लावली. मुलांजवळ जाणं, धीर देणं, शाळेला कळवणं, सगळं तिने केलं. काका पायरीवर बसून ऐकत होते. फोनवर व्यवस्थापकांनी मुलांची चौकशी केली असावी, कारण ती म्हणाली, "मुलं ठीक आहेत सर. पहिलीतल्या एकीला उलटी झालीय फक्त. काकांना तसं बघून घाबरली बिचारी."

पुढच्या बाकावरची मुलं जीव तोडून सांगत होती, "ताई, तिला आधी झालं!" पण ती सगळी एकदम बोलत होती, आणि पहिलीतली मुलं एकदम बोलायला लागली की त्यातलं काहीच कुणाला ऐकू येत नाही. खरं काय ते सांगू शकणारा शुद्धीतला मोठा माणूस एकच होता. त्याने डोळे मिटून घेतले.

अँब्युलन्स आली. काका म्हणाले, "मी चालत येतो." त्यावर त्यांना दोघांनी धरून स्ट्रेचरवर आडवं केलं आणि पट्टे आवळले. मुलांना न्यायला दुसरी बस येऊन उभी राहिली होती. काकांना उचलून नेताना भिंगरी त्या बसच्या पायरीशी उभी होती. गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले. तिने काकांना हात हलवून टाटा केला. काकांना वाटलं, आत्ताच्या आत्ता हे स्ट्रेचर मोडावं आणि खालचा रस्ताही दुभंगावा.

इस्पितळात त्यांच्या छातीला वायरी लावल्या, दंडाला पट्टा आवळला, बोटाला चिमटा लावला. तरुण डॉक्टरने कागदाची लांब पट्टी पुन्हा पुन्हा पाहिली. "हृदय अगदी ठणठणीत आहे हो. माझ्यापेक्षा चांगलं आहे. नेमकं काय झालं होतं?"

"कसंतरी झालं," काका छताकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात त्यांची बायको धापा टाकत आली. घरून निघताना ती रडत होती, रिक्षात रडली, जिन्यातही थोडी रडली. पण नवऱ्याचा चेहरा पाहिल्याबरोबर तिचं रडू थांबलं. पदराने डोळे कोरडे करून ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो, कोण ओकलं?"

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तरीच! आणि हे एवढं सगळं लावून घेतलंत?" तिने वायरींकडे बोट दाखवलं. "सांगायचं नाही का?"

"सांगणार होतो. पण आधी ती पोरगी आली, मग अँब्युलन्स आली. सगळे इतक्या मनापासून करत होते, की मधेच कसं बोलायचं?"

बायको उत्तर देणार, तोच दार उघडून मुख्याध्यापिका आत आल्या. मागे व्यवस्थापक, त्यांच्या हातात मोठा पुष्पगुच्छ. काका उठून बसायला गेले, पण वायरींनी त्यांना मागे ओढलं.

"उठू नका, उठू नका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "छातीत कळ आलेली असताना तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. इंडिकेटरसुद्धा दिलात! मुलांनी सांगितलं मला. अहो, दुसरा एखादा असता तर मुलांना घेऊन खड्ड्यात गेला असता. मी उद्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला सांगणार आहे. तुम्ही पुढे यायचं."

"आणि नव्या ड्रायव्हरांसमोर तुम्हीच बोलायचं," व्यवस्थापकांनी पुष्पगुच्छ पुढे केला. "आदर्श म्हणून."

काकांचे हात पांघरुणाखालून बाहेर येईनात. बायकोने पुष्पगुच्छ घेतला आणि फुलांच्या वरून त्यांच्याकडे अशी एक नजर टाकली, की त्यापेक्षा खरोखरच झटका आलेला परवडला असता असं त्यांना वाटलं.

"मुलं... मुलं बरी आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"सगळी मजेत. ती एक पहिलीतली जरा घाबरलीय, तेवढंच. वर्गात बाकावर डोकं ठेवून झोपून गेलीय म्हणे. वर्गाच्या बाईंना म्हटलं, झोपू दे. धक्का बसलाय लेकराला."

भिंगरी वर्गात झोपली! जी गाडीत दोन थांब्यांच्या मधेही टेकत नाही, ती वर्गात डोकं टेकून झोपली! काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते लाल गाल, चिकटलेले केस त्यांना दिसले. धक्का कसला, पोरीला ताप होता. आणि ती घाबरून नाही, आधीपासूनच आजारी होती हे साऱ्या शाळेत कुणाला माहीत नव्हतं, कारण ते ज्याला माहीत होतं तो इथे आदर्श होऊन पडला होता.

"बाई," काका म्हणाले आणि थांबले. मग डोळे घट्ट मिटून, थंड पाण्याचा तांब्या अंगावर ओतावा तसं त्यांनी एकदम सगळं ओतलं. "बाई, तिला आधी झालं. मला नंतर झालं. ती मला सांगत होती, कसंतरी होतंय. मी गाडी थांबवली नाही. रेडिओ मोठा केला. तिला उलटी झाली आणि मी पळालो. माझ्या छातीला काही झालेलं नाही. मला उलटी बघवत नाही, एवढंच. पोरीला ताप असणार. तिला कुणीतरी बघा आधी, माझं काय करायचं ते मग करा."

वायरींच्या यंत्राचा आवाज एकदम वाढला. तो भलताच जोरात पळत होता.

मुख्याध्यापिका फोन कानाला लावून बाहेर गेल्या. त्या परत येईपर्यंत व्यवस्थापकांनी खिडकी बघितली, बायकोने चपला बघितल्या. काकांना बघायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपले पाय बघितले.

"चांगलाच ताप आहे तिला," बाई आत येऊन म्हणाल्या. त्यांचा आवाज आता कोरडा झाला होता. "आईला बोलावलंय, ती येऊन नेतेय. वेळेवर कळलं म्हणायचं. म्हणजे, उशिरा का होईना."

"माझी नोकरी..." काका पुटपुटले.

"गाडी तुम्हाला चालवता येते, त्याबद्दल शंका नाही. तुम्ही घाबरलात, याचाही मला राग नाही. पण सांगितलं का नाहीत?" बाईंनी थोडा विचार केला. "पुढचा आठवडा गाडी दुसरा नेईल. तुम्ही शाळेच्या आजारी मुलांच्या खोलीत नर्सबाईंच्या हाताखाली बसायचं. दिवसभर. तिथे काय काय होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच."

यंत्र इतकं जोरात वाजायला लागलं, की बाहेरून नर्स धावत आली.

जाताना बाईंनी पुष्पगुच्छाकडे पाहिलं, क्षणभर घुटमळल्या, मग तो काकांच्या बायकोच्या हातातून काढून घेतला आणि शेजारच्या खाटेवरच्या, पाय मोडलेल्या म्हाताऱ्या आजींना दिला. आजी खूश झाल्या. त्यांनी विचारलं, "कशाबद्दल गं?"

संध्याकाळी बायकोनेच काकांना घराबाहेर काढलं. "त्या पोरीच्या घरी जाऊन या. आईबापांना सांगा काय झालं ते. नुसतं दारात उभं राहून 'बरी आहे का' विचारून येऊ नका."

भिंगरीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. काकांनी बेल दाबली आणि जिन्यात तोंडातल्या तोंडात घोकलेलं वाक्य तयार ठेवलं. दार तिच्या वडिलांनी उघडलं. ऑफिसचा शर्ट, पायात घरातली चप्पल, चेहरा रडवेला. काकांना पाहताच त्यांनी दोन्ही हात जोडले.

"माफ करा काका. चूक आमची आहे."

काकांचं घोकलेलं वाक्य घशातच राहिलं.

"सकाळीच अंग गरम होतं तिचं," वडील मान खाली घालून सांगू लागले. "औषध दिलं, ताप जरा उतरला. मला महत्त्वाची मीटिंग होती, तिच्या आईचं ऑडिट. म्हटलं, जाईल एक दिवस. तुम्हाला काही सांगितलंही नाही. आणि माझ्या पोरीसाठी धावपळ करताना तुमच्या छातीत कळ आली, इस्पितळात जावं लागलं. कसं तोंड दाखवू तुम्हाला?"

याला अजून काही कळलेलं नाही, हे काकांच्या ध्यानात आलं. सकाळपासून ज्या माणसाला कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं, त्याच्यासमोर दुसराच एक माणूस तोंड लपवत उभा होता. इतका आराम वाटला काकांना, की त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. भुवया वर गेल्या.

"असं करू नये हो," ते म्हणाले. आवाजात हवालदार उतरला. "आजारी लेकरू गाडीत कसं पाठवता? आमच्यावर जबाबदारी असते. एक फोन करायला काय..."

समोरचा माणूस आणखी खाली वाकला. त्या वाकलेल्या मानेकडे बघता बघता काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण काय बोलतोय! ते आत येऊन मटकन खुर्चीत बसले.

"साहेब, माझं ऐका आधी," असं म्हणून त्यांनी झाडं मोजण्यापासून आजींना मिळालेल्या पुष्पगुच्छापर्यंत सगळं सांगितलं. रेडिओ मोठा केला, तेसुद्धा सांगितलं.

वडील ऐकत होते. रागावतील, ओरडतील, दार दाखवतील, अशी काकांनी तयारी ठेवली होती. पण वडील रागावले नाहीत. उलट काहीतरी सांगावंसं वाटतंय आणि सांगता येत नाहीये, असा त्यांचा चेहरा झाला. "काका," ते अडखळत म्हणाले, "खरं सांगू का, मलासुद्धा..."

तेवढ्यात आतल्या खोलीतून बारीक आवाज आला. "बाबा, मला कसंतरी होतंय."

काका ताडकन उठले. समोर गॅलरीचं दार उघडं दिसलं आणि पाय आपोआप तिकडे वळले. पण दारात पोचतात तो काय, तिथे आधीच कुणीतरी होतं. भिंगरीचे वडील दोन्ही हातांनी कठडा पकडून, तोंड रस्त्याकडे करून उभे होते.

"मला नाही हो जमत ते," ते मागे न बघता म्हणाले. "तिची आईच करते सगळं. औषधाच्या दुकानात गेलीय. येईलच एवढ्यात."

"बाबाऽऽ!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वडिलांचा चेहरा हिरवट झाला होता, कपाळावर घाम, एक हात छातीवर. आपण सकाळी कसे दिसत होतो, ते काकांना प्रथमच कळलं. ते इतकं वाईट दिसत होतं, की काका मागे वळले.

खाटेखाली प्लास्टिकचा टब होता. काकांनी तो उचलला, भिंगरीसमोर धरला आणि डोळे मिटून घेतले.

"काका, टब तिकडे जातोय," भिंगरी म्हणाली. "इकडे धरा. डोळे उघडल्याशिवाय कसं दिसेल?"

काकांनी डोळे उघडले. पुढचे काही क्षण फार वाईट गेले. पोटातून उत्तर वर आलं, घशापर्यंत आलं, काकांनी दात आवळून त्याला "बूड टेकव!" असं मनातल्या मनात दरडावलं. ते कुरकुरत खाली बसलं. दुसऱ्या हाताने त्यांनी पोरीचं कपाळ धरलं. ते तव्यासारखं तापलं होतं आणि एवढंसं होतं.

"झालं?"

"झालं," भिंगरी म्हणाली आणि त्यांच्याच बाहीला तोंड पुसून मोकळी झाली. "सकाळी पण असं धरायचं होतं ना."

"हो गं बाई. धरायचं होतं."

दार वाजलं. औषधांची पिशवी घेऊन आई आत आली, ती थबकलीच. खाटेवर लेक, शेजारी टब धरून घामाघूम झालेला, बाही ओली झालेला बसचा ड्रायव्हर. "अगंबाई! काका, तुम्ही? आणि तुम्हाला हे करायला लावलं? हे कुठे आहेत?"

दिवसभर खरं बोलून काका थकले होते. शिवाय गॅलरीतल्या माणसाला आत्ता काय वाटत असेल, ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"त्यांना फोन आलाय," ते म्हणाले. "महत्त्वाचा आहे. गॅलरीत आहेत."

गॅलरीतून मोठ्ठा 'ओऽऽ' ऐकू आला.

भिंगरी उशीवर टेकत म्हणाली, "आई, बाबांचा फोन ओकतोय."